दर्भाचा कावळा

बाणगंगेवर त्या दिवशी कावळ्यांना तोटा नव्हता. पलीकडच्या पायरीवर कुणा म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. त्याचा पिंड ठेवतात न ठेवतात तोच तीन कावळे त्यावर तुटून पडले आणि त्याची मुलं हुश्श करून घरी गेलीसुद्धा. आनंदीबाई खांबेट्यांच्या पिंडाकडे मात्र एकही ढुंकून बघेना. एक आला, दोन पावलं चालला, मान वाकडी करून त्यानं आनंदीबाईंच्या नवऱ्याकडे, रमाकांत खांबेट्यांकडे, पाहिलं आणि परत पिंपळावर जाऊन बसला. त्यांच्या मुलीला, दुर्गाला, वाटलं, याला माणसांची पारख आहे.

कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं समजायचं, आणि ती आम्ही पुरी करू असं मोठ्यानं सांगायचं, हा रिवाज सगळ्यांना ठाऊक. मग सुरू झालं. दुर्गाचे काका, रघुवीर खांबेटे, हात जोडून पुढे झाले.

"वहिनी, दुर्गेचं लग्न करून देऊ. त्याची काळजी करू नका."

दुर्गा एकतीस वर्षांची होती, शाळेत शिकवत होती, आणि तिच्या लग्नाचा नाद तिच्या आईनं कधीच सोडला होता. कावळा हलला नाही.

"काशीयात्रा राहिली असेल. तुमच्या नावानं गंगोदक आणू."

नाही.

"तुमच्या पाटल्या दुर्गेलाच मिळतील." हे म्हणताना काकांचा आवाज खाली गेला, कारण त्या पाटल्यांवर काकूंचा डोळा होता. कावळ्याला पाटल्यांचंही काही वाटलं नाही.

ऊन चढलं. भटजी उपरण्यानं मान पुसत म्हणाले, "रमाकांतपंत, आता तुम्ही सांगा काहीतरी. तुमचं ऐकतील त्या."

दुर्गाचे वडील, ज्यांना सगळी चाळ आप्पा म्हणे, ओठ मिटून बसले होते. आनंदीबाईंची इच्छा काय होती हे त्यांना ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, भटजींनाही ठाऊक होतं. म्हणून तर सगळे काशीपर्यंत जाऊन आले होते आणि घरातल्या गोष्टीपाशी कुणी थांबत नव्हता.

"आप्पा," दुर्गा म्हणाली, "हेरंबला शोधून काढू म्हणा."

काका खोकले. बायकांनी घाटावर येऊ नये म्हटलं होतं ते याचसाठी, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"एवढंच म्हणा. आईनं दहा दिवसांपूर्वी जीव सोडला तो त्याचं नाव घेत. तुम्ही पायाशी उभे होतात."

"त्या नावाचं आपलं कुणी नाही," आप्पा म्हणाले. मग भटजींकडे वळून, कोपऱ्यावरच्या वाण्याला जिरे बांध म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "दर्भाचा करा."

शास्त्रात सोय आहे. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला टेकवायचा, म्हणजे काम झालं. शास्त्रात सगळ्यांची सोय असते, एक आईची सोडून. भटजींनी चार काड्या वळल्या, चोच काढली, शेपूट काढलं, आणि ते गवत पिंडाला लावलं. पंचेचाळीस वर्षं या माणसाच्या घरात जिनं चूल फुंकली, तिला शेवटी गवत शिवलं.

दुर्गाच्या डोक्यात तिडीक गेली. काकांना बाजूला सारून ती पुढे झाली आणि वाकून म्हणाली, "आई, मी शोधीन त्याला. ऐकतेस ना? मी शोधीन." पण तोवर आप्पांनी पिंड उचलून तळ्यात सोडला होता. खरा कावळा शिवला असता की नाही, हे कळायचं राहूनच गेलं.

हेरंब तिचा थोरला भाऊ. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढल्या वर्षी एका सिंधी पेढीनं त्याला हिशेबनीस म्हणून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेलं. त्या मुलखाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. आनंदीबाई त्याला सोन्याचा किनारा म्हणत आणि खोताच्या वाडीच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आमचा हेरंब सोन्याच्या किनाऱ्यावर असतो. बावन्न साली त्यानं घरी कळवलं, इथल्याच एका मुलीशी लग्न केलं आहे, तिचं नाव एफुआ, बाजारात कापड विकते, हाताला चलाख आहे, आईला आवडेल.

आई काही बोलण्याआधीच आप्पांनी पोथी काढली. पतित झालेल्या माणसाचा जिवंतपणी घट फोडायचा असा एक विधी त्यांनी कुठून तरी उकरून काढला. भटजी म्हणाले, "अहो, आता कोण करतं हे?" आप्पा म्हणाले, "मी करतो." भरलेला घट घरच्या दासीनं डाव्या पायानं लवंडायचा, असं पोथीत होतं. खांबेट्यांकडे दासी कुठली? भांडी घासायला मालन येई, सावंतवाडीकडची. तिला आप्पांनी पुढे बोलावलं.

"आप्पानू, पाण्याक लाथ मी मारूचंय नाय," मालन म्हणाली. "पोटच्या झिलाच्या नावान तर नायच नाय." आणि खरकट्या हातांनी निघून गेली.

मग आप्पांनी स्वतःच लाथ मारली. पाणी फरशीवरून पडद्याखालून स्वयंपाकघरात गेलं. आनंदीबाई तिथं खलबत्ता घेऊन बसल्या होत्या. बाहेरचे मंत्र ऐकू येऊ नयेत म्हणून रिकामा खल कुटत होत्या. पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं तेव्हा त्यांनी कुटणं थांबवलं. आप्पांनी मुलाच्या नावानं तीळपाणी सोडलं, सगळ्यांना सुतकाच्या आंघोळी करायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी हेरंबला कार्ड टाकलं: तुझा घट फोडला आहे, यापुढे कळवू नये. त्यानंतर हेरंबचं काही आलं नाही. दुर्गानं पेढीच्या पत्त्यावर लिहिलेलं सगळं न उघडता परत आलं.

हे असं करणारा माणूस एखादा भ्याड, कुचकट असता तर दुर्गाला राग गिळता आला असता. पण आप्पा शूर होते, हीच तर पंचाईत. छप्पन सालच्या जानेवारीत गोळ्या चालत होत्या तेव्हा साठीला टेकलेला हा म्हातारा रस्त्यावर होता. सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आला, तेव्हा चाळीनं त्याला हार घातला आणि चौकात खुर्चीवर उभं केलं. आप्पांचा आवाज खणखणीत. "मुंबई महाराष्ट्रापासून तोडणारे हे कोण?" ते गरजले. "आईपासून लेकरू तोडायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही." चाळीनं टाळ्यांचा कडकडाट केला. दुर्गा वरच्या गॅलरीत आईशेजारी उभी होती. आनंदीबाईंनी सगळं भाषण ऐकलं आणि आत जाऊन नवऱ्याच्या पानात नेहमीसारखा गरम भात वाढला. दुर्गाला तो भात वाढतानाचा हात आठवला की आजही अंगाचा तिळपापड होई.

आणि आई गेली त्याच वर्षी, सत्तावन्नच्या मार्चमध्ये, पेपरात आलं की गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला, आता त्याचं नाव घाना. दुर्गानं ते आईला वाचून दाखवलं. आनंदीबाईंनी डबा उघडला आणि दुर्गाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. "हेरंबच्या गावाला स्वराज्य मिळालं," त्या हळूच म्हणाल्या. बाहेरून आप्पांनी विचारलं, "साखर कसली वाटतेस?" त्या म्हणाल्या, "मुंग्या झाल्यात का बघत होते."

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी दुर्गा शाळेला दांडी मारून फोर्टमध्ये त्या पेढीच्या ऑफिसात गेली. मॅनेजर पान चघळत होता. हेरंब खांबेटे म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं. तिकडच्या बाईशी लग्न केलं की नोकरी गेली, हा पेढीचा कायदा, त्या माणसानं पेढीचं नाव बुडवलं, तो आता कुठं आहे हे आम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

"तुमच्याकडची माणसं तिकडे बायका ठेवतात त्यानं नाव बुडत नाही?" दुर्गानं विचारलं. "लग्न केलं म्हणून बुडालं?"

मॅनेजरनं शिपायाला हाक मारली. ती जिना उतरत होती तेव्हा मागून पावलं आली. चाळिशीचा एक जाडा माणूस धापा टाकत खाली आला.

"बहनजी, रुको. मेरा नाम टेकचंद. हेरंब और मैं कुमासी में एक खोली में रहते थे. तीन साल उसके हाथ का पिठलं खाया है मैंने."

तिथंच, जिन्यावर, दुर्गानं त्याला सगळं सांगितलं. घट, तीळपाणी, पिंड, दर्भाचा कावळा. टेकचंद दिवाळीनंतर बोटीनं परत तिकडेच निघाला होता. हेरंब कुमासी सोडून समुद्राकडे गेला, एवढंच त्यालाही ठाऊक होतं. पेढीचा करार अडीच वर्षांचा, त्याआधी मायदेशी यायचं नाही. "ढूँढूँगा," तो म्हणाला, "छोटा मुल्क है. मिला तो आकर मुँह से बताऊँगा. मेरे को चिट्ठी लिखना नहीं आता, झूठ क्यूँ बोलूँ. सिंधी में हिसाब आता है, बस."

अडीच वर्षं दुर्गानं वाट पाहिली. आप्पांशी तिचं बोलणं जेवायला चला, दूध आलं, किल्ली कुठाय, एवढ्यावर आलं. आनंदीबाईंच्या वर्षश्राद्धाला आप्पा सोवळं नेसून साग्रसंगीत बसले. दुर्गा त्या दिवशी डिलाईल रोडला मैत्रिणीकडे जाऊन बसली. आप्पा तिला म्हणाले, "आईच्या श्राद्धाला घरात थांबत नाहीस, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोकांना सांगा, दर्भाची दुर्गा करून बसवली आहे." त्यानंतर आप्पांनी विचारलं नाही.

साठ साल उजाडलं. संयुक्त महाराष्ट्र समितीची लढाई फळाला आली. एक मेला महाराष्ट्र होणार, मुंबईसह होणार. गिरगाव नवरीसारखं नटलं. आप्पांना पाय पुरेनात. वर्गणी, तोरणं, दिव्यांच्या माळा, पेढ्यांची ऑर्डर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात टेकचंदचा शेजारी शाळेत निरोप देऊन गेला: साहेब आलेत, माहीमला या.

एक मे रविवार होता. सकाळी दुर्गा निघाली तेव्हा आप्पा चौकात शिडी धरून उभे होते. "आजच्या दिवशी कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं. ती शिडीला वळसा घालून निघून गेली.

टेकचंद आणखी जाड झाला होता. त्याच्या बायकोनं शेवया आणून ठेवल्या आणि दुर्गाचा चेहरा बघून ती निमूट आत गेली.

"मिला?" दुर्गानं विचारलं.

"मिला. केप कोस्ट करके गाव है, समुंदर पे. बीवी का कपड़े का दुकान है, वही चलाता है. तीन बच्चे. मैं गया तो गिऱ्हाईक को कपड़ा नाप के दे रहा था, छे गज माँगा था उसने. मैंने बोला, हेरंब, तेरी माँ गुजर गयी. वो नापता रहा, बहनजी. पूरा ठान नाप डाला. गिऱ्हाईक औरत चिल्लाने लगी, मेरे को इतना नहीं चाहिए. उसको सुनाईच नहीं दिया."

दुर्गानं शेवयांची वाटी दूर सारली.

"शाम को बीवी का मामा आया," टेकचंद पुढे सांगू लागला. "उन लोगों में मामा सबसे बड़ा. उसने पूछा, तेरी माँ का सब ठीक से किया ना उधर? हेरंबने मेरी तरफ देखा. मैं क्या बोलूँ? जो आपने सीढ़ी पे बताया था, वो बोल दिया. घास का कौवा. पहले उनको समझा नहीं. हेरंबने बीवी को समझाया, बीवी ने मामा को. और मामा जो भडकला! बूढ़ा आदमी, लाठी आपट के बोला, जिस औरत का बेटा ज़िंदा है, उसको घास के भरोसे छोड़ दिया? वहाँ कोई आदमी नहीं था क्या?"

"नव्हता," दुर्गा म्हणाली.  इतक्या वर्षांत तिच्याइतकं संतापलेलं दुसरं कुणी तिला भेटलं नव्हतं. आणि भेटलं ते समुद्रापलीकडं, ज्याचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं असं.

तिकडची रीत टेकचंदनं सांगितली. घरचा वडीलधारा अंगणात उभा राहतो, गेलेल्यांना एकेक करून नावानं हाक मारतो, या, प्या, म्हणतो आणि जमिनीवर धार सोडतो. दारूची सोडतात. हेरंब म्हणाला, माझी आई दारूला शिवणार नाही, तिला पाणी द्या. मामानं कुरकुर न करता पाणी मागवलं. मग त्यानं विचारलं, तिच्या आईचं नाव काय? त्यांच्यात घराणं आईकडून मोजतात. हेरंबला बापाकडच्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या, आजीचं नाव काही येईना. "शरम से लाल हो गया," टेकचंद म्हणाला. "तो मामाने बोला, ठीक है. और बुलाया, आनंदीबाई, हेरंब की माँ, अपनी माँ को लेके आ, पानी पी. तीन बार बुलाया. पूरा आँगन भरा था, बच्चे, औरतें, सब. सब लोग पीछे से बोले."

"कालिंदी," दुर्गा म्हणाली. "आजीचं नाव कालिंदी."

"वो लिखो उसको."

"आणि त्यानं का नाही लिहिलं? आठ वर्षं?" दुर्गाचा आवाज चढला. आतून टेकचंदची बायको डोकावली. "आप्पांनी लाथ मारली, मी नाही मारली. मी लिहीत होते. पेढी परत पाठवत होती. त्याला दुसरं कुणी सापडलं नसतं? माणसाला बहीण असते हेसुद्धा विसरला?"

"मैंने येही पूछा. बोला, जिसका तर्पण हो गया, वो चिट्ठी कैसे लिखेगा."

"त्याला सांगा, त्याची बहीण जिवंत आहे आणि तिचा हात कडक आहे."

टेकचंद हसला आणि त्यानं खिशातून पत्त्याची चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली. "मेरे को क्यूँ बोलती हो? आप ही लिखो. गाली भी लिखो. खुश होगा. और वो नहीं आनेवाला, बहनजी, ये भी बोला है. जब तक वो घर उसको मरा हुआ मानता है, नहीं आनेवाला. आपको बुलाया है उसने."

उठता उठता दुर्गानं विचारलं, "कावळा होता का हो तिथं?"

"कौवा?" टेकचंदनं आठवून पाहिलं. "थे ना. उधर के कौवे को छाती पे सफेद बनियान रहता है. पर उधर कौवे को कौन पूछता है? माणसं होती ना."

ती गिरगावात परतली तेव्हा दुपार टळत आली होती. चाळीच्या तोंडाशी मुलं पेढे मागत होती, कुणीतरी लाऊडस्पीकर तपासत होतं. आप्पा वर गॅलरीत एकटेच होते, कठड्याला दिव्यांची माळ बांधत होते. पासष्टीतला माणूस, स्टुलावर चढलेला. त्यांनी तिच्याकडे पेढा पुढे केला.

"घे. आज तरी तोंड गोड कर. मोडलेलं घर आज जुळलं."

"कुणाचं?" दुर्गा म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, शाळेत फळ्याकडे पाठ करून धडा सांगावा तसं. कापडाचं ठाण, मामाची काठी, अंगणातली माणसं, आईच्या नावानं तीन वेळा मारलेली हाक, पाणी. "तुम्ही तिला गवतावर सोडलंत," ती म्हणाली. "ज्यांना तुम्ही घरात घेतलं नसतं, त्यांनी तिला नावानं बोलावलं. तुमचा घट, तुमची पोथी, तुमचं भाषण, सगळं मी आठ वर्षं ऐकून घेतलं. आता मी त्याला पत्र लिहिणार आहे, याच घरातून, याच पत्त्यावरून. आणि पैसे साठले की जाणार आहे. तुम्ही माझाही घट फोडा. मात्र लाथ स्वतः मारावी लागेल, मालन मारणार नाही."

 माळेची गाठ आप्पांच्या हातून सुटत होती, ते ती परत बांधत होते. खाली पहिल्या मजल्यावर कुणीतरी दिवे लावून पाहिले, विझवले.

"पाणीच दिलं ना?" त्यांनी विचारलं. पाठ तिच्याकडेच होती. "दारू नाही?"

"पाणी."

"तीन वेळा हाक मारली?"

"हो."

आप्पांनी गाठ तशीच सोडली. खालून रघुवीरकाका हाका मारत होते, आप्पा या, तुमच्याच हातानं झेंडा लावायचाय. आप्पांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. स्टुलावरून उतरताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

"आणि माझं?" ते म्हणाले. "माझं नाव घेतलं का त्यांनी?"

 दुर्गाला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही.

"मामानं विचारलं होतं," ती म्हणाली. "हेरंबनं सांगितलं, वडील आहेत अजून. मग मामा म्हणाला, तर राहू दे."

"का?"

"तिकडे जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडत नाहीत, आप्पा."